रात्रीचा भात आणि सोलापूरचा मे महिना

रात्रीचा भात सकाळी कढईत टाकायचा, मोहरी-मिरची तडतडली की झालं. आपल्याकडे फोडणीच्या भाताला कोण नाही म्हणतं? पण मे महिन्यात, पारा ४२-४३ला टेकलेला असताना, तो भात रात्रभर ओट्यावर राहिला असेल तर सरळ टाकून द्या. वास आला नाही तरी.

भातात ‘बॅसिलस सेरिअस’ नावाचे जिवाणू असू शकतात. त्यांचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातलं त्यांचं सुप्त रूप, शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात पुन्हा वाढून विष सोडतात. ते विष उकळल्यानंही जात नाही, म्हणजे फोडणीचा काही उपयोग नाही. बहुतेकांना १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात आणि साधारण दिवसभरात सुटका होते. क्वचित मात्र यकृत निकामी झाल्याचीही उदाहरणं आहेत.

उरलेला भात परातीत पसरून गार करा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा. खोल पातेल्यात झाकून ठेवला तर मधला भाग कितीतरी वेळ कोमटच राहतो. हात घालून बघा. लाईट जाऊन फ्रिज ४ तासांहून जास्त बंद राहिला असेल तर भात, वरण, दूध ठेवू नका. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं तसं नाही. त्यांत पाणी फारच कमी असतं, म्हणून त्या टिकतात.

शौचातून रक्त, लघवी कमी होणं किंवा डोळे पिवळे दिसणं, यांपैकी काहीही असेल तर लगेच दवाखाना गाठा. रक्ताचे जुलाब थांबवायला मनानं गोळी घेऊ नका. काही ई. कोलाय जिवाणूंचं विष मूत्रपिंडांवर जातं, त्यात लहान मुलांना धोका जास्त.