मुलांकडून हॅलोवीनच्या गोष्टी लिहून घेताना या चुका टाळा

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा लागला की शाळेच्या कॉपी मशीनमधून तोच कागद बाहेर पडायला लागतो. भोपळ्याचा आकार, त्याच्या पोटात सहा ओळी आणि वर छापलेली सुरुवात: ‘एका काळोख्या रात्री मी भुताच्या घरात शिरलो...’ रविवारी मराठी शाळेत जावं तर तिथेही हाच कागद, फक्त देवनागरीत. मुलं सहा ओळी भरतात, भोपळा नारिंगी रंगवतात, कागद भिंतीवर चढतो आणि मोठ्यांना वाटतं, झालं लेखन.

मी अमेरिकेत एलिमेंटरी शाळेत शिकवते आणि आठवड्याच्या शेवटी मराठी शाळेचा एक वर्ग घेते. चुका दोन्हीकडे त्याच. त्यांचा मला राग येतो, कारण एरवी पेन्सिल हातात धरायला कंटाळणाऱ्या मुलाकडेसुद्धा या महिन्यात सांगण्यासारखं काहीतरी असतं. भीती प्रत्येकाकडे असते. ती कागदावर उतरण्याआधीच आपण तिच्या जागी आपलं तयार भूत आणून ठेवतो.

भुताचं घर बांधून देणं

ही सगळ्यांत मोठी चूक. एका वर्षी दुसरीच्या वर्गात एक उत्साही पालक मदतीला आले होते. त्यांनी इंटरनेटवरून एक देखणा संच छापून आणला होता. सुरुवातीचं वाक्य तयार, शेजारी शब्दांची चौकट, चौकटीत भूत, चेटकीण, वटवाघूळ, सांगाडा, झोंबी. मुलांनी बघता बघता कागद भरून दिले. गठ्ठा घरी नेऊन वाचायला बसले तर सगळ्यांची मिळून एकच गोष्ट. घरात शिरलो, भूत दिसलं, मग चेटकीण दिसली, मग वटवाघूळ, मग सांगाडा, झोंबी मागे लागला, मी पळालो, जाग आली. चौकटीत शब्द ज्या क्रमाने छापले होते त्याच क्रमाने भुतं येत होती.

त्याच वर्गात एक मुलगा होता. त्या दिवशी सकाळी स्नॅकच्या वेळी तो शेजारच्या मुलीला हळूच सांगत होता, ‘आमच्या बेसमेंटमधला ड्रायर बंद असतो ना, तरी आतून एकदाच टक् असं होतं. आणि मी जिन्यावर असेन तेव्हाच होतं.’ ती मुलगी खायची थांबली होती. ओळखीची जागा, एकच आवाज आणि ‘मी असेन तेव्हाच’. भयकथेला याहून जास्त काय लागतं? पण तासाला त्या मुलाने काय लिहिलं? भूत दिसलं, चेटकीण दिसली, झोंबी मागे लागला. सुरुवातच भुताच्या घरात झाल्यावर त्याच्या स्वतःच्या बेसमेंटला कागदावर जागा उरली नव्हती.

म्हणून पहिल्या दिवशी मी मुलांना लिहूच देत नाही. आपापल्या घराचा नकाशा काढायचा आणि रात्री एकट्याने जायला नको वाटतं तिथे फुली मारायची. बेसमेंट, गॅरेज, कपड्यांचं क्लॉजेट, पलंगाखालची जागा. एखाद्याची फुली भारतात आजीच्या घरातल्या माळ्यावर असते, तीही चालते. मग फुलीची गोष्ट शेजाऱ्याला तोंडी सांगायची. ऐकणाऱ्याने फक्त दोन प्रश्न विचारायचे: काय ऐकू आलं? आणि तेव्हा घरात कोण कोण होतं? कागद दुसऱ्या दिवशी. घाई झालेल्या नव्या शिक्षकांना हा पहिला दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. पण तोंडाने एकदा सांगून झालेली गोष्ट लिहिताना मूल अडत नाही, आणि न सांगितलेली लिहायला बसलं की पहिल्या ओळीनंतर ‘आता पुढे काय लिहू?’ सुरू होतं.

इथली घरं ऑक्टोबरमध्ये आवाजही करतात. उन्हाळ्यानंतर हीटिंग पहिल्यांदा सुरू होतं, डक्टचा पत्रा तापून टणटणतो, साचलेली धूळ जळाल्याचा वास येतो. फ्रीजमधला आइसमेकर मध्यरात्री धाडकन बर्फ खाली टाकतो. एवढा माल घरात पडून असताना बाहेरून भुताचं घर कशाला आणायचं?

माझा दुसरा नियम असा की शेवटच्या तीन ओळींपर्यंत भूत दिसता कामा नये. आधी ऐकू यावं, एखादी वस्तू जागेवरून हललेली असावी, कुत्र्याने जिन्याकडे बघत बसावं. तिसरी-चौथीची मुलं कुरकुरतात, कारण त्यांना पहिल्याच ओळीत झोंबी हवा असतो. इथे हटून बसा. थांबायला शिकणं हाच या लेखनातला खरा धडा आहे आणि तो चुकवून पुढे जाता येत नाही.

आणि शब्दांची चौकट द्यायचीच असेल तर भुतांच्या नावांची देऊ नका, आवाजांची द्या. मराठी शाळेत तर हे काम किती सोपं आहे! करकर, सळसळ, टपटप, खुडबुड, कुजबुज, किर्र. मुलं स्वतःच आणखी दहा शब्द आणतात, घरी आजीला फोन करून विचारून येतात. ‘मला खूप भीती वाटली’ हे वाक्य मी त्या महिन्यापुरतं बंद ठेवते. त्याऐवजी अंगाला काय झालं ते लिहायचं: छातीत धस्स झालं, बोबडी वळली, दातखीळ बसली, पाय जिन्याला चिकटले. इंग्रजीत लिहिणाऱ्या वर्गालाही हाच नियम.

‘...आणि मग मला जाग आली’

मुलं हा शेवट आळसाने करतात असं समजून रागावणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यात आळस नसतो. मुलाने संकट खूप मोठं करून ठेवलेलं असतं, बाहेर पडायची वाट त्याला ठाऊक नसते आणि तास संपायला पाच मिनिटं उरलेली असतात. अशा वेळी ‘हा शेवट चालणार नाही’ म्हटलं की मूल खोडरबर घेऊन नुसतं बसून राहतं. वाट दाखवावी लागते, आणि ती वाचनातून दाखवलेली बरी.

त्यासाठी मी लिंडा विल्यम्स यांचं ‘द लिटल ओल्ड लेडी हू वॉज नॉट अफ्रेड ऑफ एनिथिंग’ हे १९८६ सालचं चित्रपुस्तक वापरते. रात्री जंगलातून घरी निघालेल्या म्हातारीच्या मागे आधी बूट लागतात, मग पँट, शर्ट, हातमोजे, टोपी आणि शेवटी भोपळ्याचं डोकं. प्रत्येकाची वेगळी हालचाल, दर वेळी सगळ्यांची पहिल्यापासून उजळणी, त्यामुळे बालवर्गातली मुलंसुद्धा दुसऱ्या पानापासून सोबत बोलायला लागतात. म्हातारी काही घाबरत नाही आणि ही मंडळी हिरमुसतात. तेव्हा ती त्यांना एक उपाय सुचवते, आणि सकाळी तिच्या बागेत बुजगावणं उभं असतं. वाचून झालं की मी एकच प्रश्न विचारते: तुमच्या गोष्टीतल्या भुताला कोणतं काम देता येईल? ‘जाग आली’ तिथल्या तिथे बंद होतं. कुणाचं भूत हरवलेले मोजे शोधून देतं, कुणाचं धाकट्या भावाला झोपवतं.

चौथी-पाचवीला मात्र हे बाळबोध वाटतं. त्यांच्यासाठी मराठी शाळेत वेताळपंचविशी आहे. विक्रम राजाच्या खांद्यावरचं प्रेत गोष्ट सांगतं आणि शेवटी प्रश्न विचारतं. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होतील, आणि तोंड उघडलं तर वेताळ पुन्हा झाडावर. या वयाच्या मुलांना ही अडचण विलक्षण आवडते. मग त्यांनीही आपली गोष्ट प्रश्नावर सोडायची आणि उत्तर वर्गाने द्यायचं. दोन मुलांची उत्तरं पटली नाहीत की जो वाद होतो, त्यात गोष्ट किती बारकाईने ऐकली होती ते कळतं. आकलनाची वेगळी वर्कशीट मी त्यानंतर देत नाही.

सगळ्या वयांना एकच गोष्ट

एका मराठी शाळेत ऑक्टोबरमध्ये सगळे वर्ग एकत्र बसवले होते. गोष्ट सांगणारे काका फार रंगवून सांगायचे. त्यांनी दिवे घालवले, टॉर्च हनुवटीखाली धरला आणि पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट सुरू केली. पाचवीतली मुलं खूश. पुढच्या रांगेत बालवर्गातली एक चिमुरडी कानावर हात ठेवून बसली होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण दिवे बंद होते. नंतर कित्येक दिवस ती घरात एकटी बाथरूमला जाईना. आईचा फोन आला, मग आणखी दोन पालकांचे आले, आणि समितीने पुढच्या वर्षीपासून भुताच्या गोष्टी बंद करून टाकल्या. ज्या मोठ्या मुलांना त्या झेपत होत्या, हव्या होत्या, त्यांचंही नुकसान झालं.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला गोष्ट खोटी आहे हे दिवसा समजतं. रात्री दिवा मालवला की ते समजणं टिकत नाही. म्हणून किंडरगार्टन आणि पहिलीला मी भीती फक्त आवाजात ठेवते, आणि आवाज कशाचा होता ते त्याच बैठकीत उघड झालंच पाहिजे. दुसरी-तिसरीला वस्तू हलल्या तरी चालतात. शेवट उघडा सोडायचा तो चौथीपासून पुढे. रक्त आणि मरण मी प्राथमिक शाळेत कुठल्याच इयत्तेला आणत नाही. एखादं मूल आपणहून लिहून आणतं, तेव्हा ‘हे न दाखवता आम्हाला घाबरवून दाखव’ असं म्हणते. दिवेही पूर्ण घालवत नाही. मुलांचे चेहरे दिसायला हवेत. आणि पुस्तक आदल्या रात्री स्वतः मोठ्याने वाचून या. मुलांसमोर पहिल्यांदाच पान उलटणाऱ्या माणसाला कुठे थांबायचं ते कळत नाही. दर पानाला ‘आता काय होईल सांगा बरं?’ विचारून गोष्टीचे तुकडेही करू नका.

आणखी काही

सगळं ३१ ऑक्टोबरवर, म्हणजे हॅलोवीनच्या दिवसावर ठेवू नका. त्या दिवशी कॉस्च्यूमची परेड असते, पार्टी असते, मुलांचं अर्धं लक्ष संध्याकाळच्या ट्रिक ऑर ट्रीटकडे, म्हणजे दारोदार जाऊन कँडी गोळा करण्याकडे असतं. लेखन ३० पर्यंत संपवा. ३१ ला ज्याला हवं त्याने आपली गोष्ट वाचून दाखवावी, बस.

लिहिल्याबद्दल कँडी देऊ नका. ती संध्याकाळी पिशवीभर मिळणारच आहे, आणि कँडीसाठी लिहिणारं मूल ओळी मोजत लिहितं.

काही घरांत हॅलोवीन पाळत नाहीत. यहोवाज विटनेस कुटुंबं पाळत नाहीत, इतरही काही ख्रिस्ती आणि मुस्लिम घरांत नको असतं. अशा मुलाला लायब्ररीत बसवून ठेवणं मला अजिबात मान्य नाही. मी फळ्यावर विषय ‘रात्रीचे आवाज’ एवढाच लिहिते, मग कुणालाही उठून जावं लागत नाही.

फक्त गोष्टीच नकोत, माहितीपर वाचनही हवं. २४ ते ३१ ऑक्टोबर वटवाघूळ सप्ताह असतो. खऱ्या अर्थाने उडणारा हा एकमेव सस्तन प्राणी, आणि तो आंधळा नसतो. ज्या मुलाला गोष्ट सुचत नाही ते वटवाघळाबद्दल पानभर आनंदाने लिहितं. मोठ्यांना भोपळ्याचा इतिहास द्या. आयर्लंडमध्ये दिवे सलगमात कोरत असत, तिथून आलेल्या लोकांना अमेरिकेत मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला. हॅलोवीननंतर कोरलेला भोपळा फेकू नका. बाहेर ठेवा आणि रोज तीन ओळींची नोंद लिहून घ्या: रंग, वास, बुरशी कुठे आली. अंगावर काटा आणणारं इतकं नेमकं वर्णन मुलं दुसऱ्या कशाचंच करत नाहीत.

पहिल्या खर्ड्यात शुद्धलेखन तपासू नका. ‘कुजबुज’मधला उकार मुलाने चुकवला तरी भूत ऐकू येतं.

गोष्ट ‘नीट’ करून देणारे आईबाबा

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मुलांच्या गोष्टी भिंतीवर लावायच्या असं आम्ही कळवलं की हा प्रकार सुरू होतो. वर्गात मुलाने लिहिलेलं असतं, ‘टक् झालं. मी जिन्यावर. पाय हलेनात.’ घरून परत येतं ते असं: ‘तो आवाज ऐकून माझ्या मनात भीतीची एक अनामिक लहर उमटली.’ आठ वर्षांचं मूल असं बोलत नाही, आणि भिंतीसमोर उभं राहून आपलंच नाव लिहिलेला कागद ते अडखळत वाचतं. पालकांचा हेतू चांगला असतो, मराठी शुद्ध आणि सुंदर दिसावं असं त्यांना मनापासून वाटतं. पण मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपलं मराठी दाखवण्यासारखं नाही. पुढच्या वर्षी ते इंग्रजीत लिहू का म्हणून विचारतं.

म्हणून आता मी मूळ कागद घरी पाठवतच नाही. पालकांना फोटो पाठवते, आणि सोबत काय सुधारायचं ते लिहून देते: ऱ्हस्व-दीर्घ, राहिलेले अनुस्वार, पूर्णविराम. ‘बेसमेंट’ला तळघर करू नका, ‘ड्रायर’ ड्रायरच राहू द्या. वाक्य कळलं नाही तर मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. त्याने वाचताना जे जास्तीचं सांगितलं तेवढं त्याच्याच शब्दांत खाली जोडा, आणि ते त्यालाच लिहू द्या.