वाढीव वेळ मिळाला, पण तो वापरायचा कसा?

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकताना येणारी मूळचीच अडचण, असलेल्या मुलांना मी बारा वर्षं शिकवते आहे. परीक्षा जवळ आली की पालकांचा फोन येतो, "मॅडम, आमच्या मुलाला काय काय सवलती मिळतील?" मी आधी विचारते, तो नेमका अडतो कुठे? वाचताना, लिहिताना, की वाचलेलं डोक्यात धरून ठेवताना? हे कळल्याशिवाय अर्ज भरायला बसू नका.

माझ्याकडे एक मुलगा यायचा. विज्ञानाचं काहीही तोंडी विचारा, धडाधड सांगायचा. पेपरात मात्र "खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?" असा प्रश्न आला की हमखास बरोबर विधानावर खूण. एकदा मी त्याला तो प्रश्न मोठ्याने वाचायला सांगितला. "खालीलपैकी"वर तो तीनदा अडखळला, "विधान" कसाबसा जुळवला आणि तेवढ्यात इतका दमला की शेवटचा "नाही" त्याच्या नजरेतून सुटलाच. विषय येत होता, अडत होतं ते वाचन. म्हणून त्याच्यासाठी आम्ही वाचक, म्हणजे प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती, मागितला. लेखनिकाची, म्हणजे सांगितलेलं उत्तर लिहून देणाऱ्याची, त्याला गरजच नव्हती.

वाचन अचूक पण सावकाश असेल, तर वाढीव वेळ पुरतो. शब्दच चुकत असतील, तर वाचक किंवा प्रश्न वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लागतं. हात मागे पडत असेल किंवा अक्षर लागत नसेल, तर लेखनिक किंवा संगणकावर टाइप करण्याची परवानगी मागा. पण टायपिंगचा हात बसलेला नसेल तर संगणक उलट वेळ खातो. भाषेच्या पेपरात जिथे वाचनाचीच परीक्षा असते, तिथे वाचक बहुधा मिळत नाही. हे आधीच विचारून ठेवा. मोठा टाइप आणि ओळींमधलं जास्त अंतर काही मुलांना मानवतं. वाचताना मजकुरावर ठेवायच्या रंगीत पारदर्शक कागदाला मात्र संशोधनाचा भक्कम आधार नाही. मुलाला बरं वाटत असेल तर असू द्या, पण त्याच्या भरवशावर बाकीचं मागायचं सोडू नका.

तयारी मोठ्या परीक्षेच्या किमान वर्षभर आधी सुरू करा. तज्ज्ञाच्या अहवालात "डिस्लेक्सिया आहे" एवढंच लिहिलेलं पुरत नाही. वाचनाचा वेग, अचूकता, लिहिण्याचा वेग यांचे आकडे हवेत. बऱ्याच प्रमाणित चाचण्यांत सरासरी 100 धरलेली असते. 85 च्या खालचे गुण ठळक दिसतात आणि मागणीला वजन येतं. अहवाल किती जुना चालतो, कोणाच्या सहीचा लागतो, हे परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडूनच लेखी घ्या.

शाळेचा पुरावाही तितकाच कामाचा. मी वर्गातल्या चाचणीत मुलांना निळ्या पेनाने लिहायला सांगते. ठरलेला वेळ संपला की त्यांच्या हातात हिरवं पेन देते. पेपर तपासताना निळ्यात किती गुण आणि हिरव्यात किती, ते समोर दिसतं. अशा तीन-चार उत्तरपत्रिका तारखेसह फाइलला लावल्या की वेगळं पटवत बसावं लागत नाही. हिरव्यात काहीच भर पडत नसेल, तर अडचण वेळेची नाही, दुसरीच आहे.

लेखनिकाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी तिथे पाहिलं आहे. पालकांना वाटतं, लेखनिक मिळाला की सुटलो. पण तोंडी उत्तर देणं वेगळं आणि मजकूर सांगणं वेगळं. माझ्या एका विद्यार्थिनीने गणितात सांगितलं, "ए अधिक बी भागिले सी." तिच्या मनात ए अधिक बी ही पूर्ण बेरीज अंशात होती. लेखनिकाने फक्त बी सीच्या डोक्यावर लिहिला. लेखनिकाची चूक नव्हती. जे ऐकलं ते त्याने लिहिलं आणि सुचवायची त्याला मुभाच नव्हती. चूक माझी होती, मी तिच्याकडून सराव करून घेतला नव्हता. तेव्हापासून मी मुलांना असं बोलायला शिकवते: "अपूर्णांक. अंशात ए अधिक बी. छेदात सी. अपूर्णांक संपला." कंस असेल तर "कंस चालू, कंस पूर्ण."

घरी रोज दहा मिनिटं हे करा. मुलाने एक उत्तर सांगायचं, तुम्ही ऐकाल तेच लिहायचं, मनाने एक शब्दही सुधारायचा नाही. नवा परिच्छेद कुठे, पूर्णविराम कुठे, हेही त्यालाच सांगू द्या. मग लिहिलेलं वाचून दाखवा आणि दुरुस्त्या त्यालाच करायला लावा. पहिले आठ दिवस फार कंटाळवाणे जातात. तरी सोडू नका.

वेळेचंही तसंच. तीन तासांच्या पेपरला पंचवीस टक्के वाढ मिळाली तर 45 मिनिटं होतात, तासाला 20 मिनिटं मिळाली तर अख्खा तास. मुलं ही मिनिटं शेवटी ठेवतात आणि तोवर थकून जातात. त्यापेक्षा ती पेपरभर वाटून द्या: सुरुवातीला प्रश्न दोनदा वाचायला, "नाही", "सोडून", "फक्त" अशा शब्दांखाली रेघ मारायला, मग प्रत्येक मोठ्या उत्तराआधी मुद्दे मांडायला. लवकर थकणाऱ्या मुलासाठी अधूनमधून विश्रांतीची परवानगी मिळते का तेही पाहा. काहींना जास्त मिनिटांपेक्षा तीच उपयोगी पडते.

निदान दोन सराव परीक्षा याच व्यवस्थेत, पूर्ण वेळ बसून होऊ द्या. जमलं तर त्याच लेखनिकाबरोबर.

परीक्षेच्या दिवशी मंजुरीपत्राची एक प्रत मुलाजवळ आणि एक तुमच्याजवळ ठेवा. वाढीव वेळेसह पेपर किती वाजता संपेल ते पर्यवेक्षकांकडून आधीच विचारून घ्यायला मुलाला सांगा आणि ती वेळ कच्च्या कागदावर वर लिहून ठेवायला लावा. बाकीची मुलं उठायला लागली की आपलं मूलही घाईने पेन ठेवतं. तेव्हा त्याने त्या आकड्याकडे बघायचं आणि लिहीत राहायचं.