फिल्टर बदलल्यावर ट्रॅक्टरने एअर घेतली? हवा काढताना या चुका टाळा

डिझेल फिल्टर बदलला आणि ट्रॅक्टर पहिल्याच सेल्फला चालू झाला, म्हणून पाने आवरून ठेवू नका. पंपात आणि नोझलच्या (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोंडाच्या) पाइपांत जे डिझेल उरलेलं असतं त्यावर इंजिन मिनिटभर, कधी दोन मिनिटं चालतं. ते संपलं की फिल्टरमधली हवा पंपात पोचते, रेस आपोआप वरखाली होते, दोन-चार गचके बसतात आणि इंजिन बंद. यालाच एअर घेणं म्हणतात. तोवर ट्रॅक्टर बांधापर्यंत गेलेला असतो.

डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते. सगळं दुखणं एवढंच. साध्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात नोझल उघडायला साधारण २०० बारच्या आसपास दाब लागतो. पाइपात हवेचा फुगा असेल तर पंपातला प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) वर आला की हवा आवळते, खाली गेला की सैल होते, आणि नोझल जागचं हलत नाही. सेल्फ कितीही मारला तरी हा फुगा पुढे सरकेलच असं नाही.

नट सैल करण्याआधी धूर बघा

सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूरच येत नसेल तर सिलिंडरात डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. मग बॅटरी, सेल्फचा वेग, कॉम्प्रेशन या बाजूला बघायचं. हवा काढत बसून उपयोग नाही.

धूर नसेल तरी आधी तीन गोष्टी तपासा: स्टॉपरची (इंजिन बंद करायची) दांडी ओढलेली तर राहिली नाही ना, टाकीचा कॉक पूर्ण उघडा आहे का, आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मातीने बुजलंय का. भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, डिझेल ओढलं जात नाही आणि लक्षणं हुबेहूब एअर घेतल्यासारखी दिसतात. झाकण सैल करून चालवून बघा. फरक पडला तर दोष झाकणात आहे. अर्धा तास हवा काढून शेवटी स्टॉपर ओढलेला सापडणं हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा घडतो.

फिल्टर कोरडा बसवणं

टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपावर हाताने दाबायचा हातपंप असतो. त्याच्या एका दाबात जेमतेम चमचाभर डिझेल पुढे जातं. एकामागे एक असलेले दोन्ही फिल्टर कोरडे बसवले तर शंभर-दीडशे वेळा दाबावं लागतं आणि माणूस मधेच कंटाळून सेल्फकडे वळतो. पहिल्या फिल्टरची वाटी स्वच्छ डिझेलने भरूनच चढवा. मळसूत्राने बसणारा डबा असेल तर मधल्या भोकातून डिझेल ओतू नका. ती गाळलेल्या डिझेलची बाजू असते आणि तिथला कचरा थेट पंपात जातो. कडेच्या लहान भोकांतून हळूहळू भरा.

उघडण्याआधी फिल्टरचं डोकं (फिल्टर ज्याला बसतो तो वरचा भाग) आणि आजूबाजूची माती ब्रशने व डिझेलने धुऊन घ्या. पुसायला सुती चिंध्या नकोत, धागे सुटतात.

जुना रबर सील डोक्याच्या खाचेत चिकटून राहतो, त्यावर नवा बसतो आणि दोन सील मिळून एकही नीट बसत नाही. नख किंवा लाकडी काडी फिरवून खाच रिकामी असल्याची खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलीत तर ओरखड्यातून पुन्हा हवा येईल. नव्या सीलला डिझेलचं बोट लावा.

क्रम उलटा करणं

हवा टाकीकडून नोझलकडे, डिझेल ज्या दिशेने वाहतं त्याच दिशेने काढायची. आधी पहिला फिल्टर, मग दुसरा, मग पंप, शेवटी नोझलचे पाइप. थेट नोझलचे नट सैल करून सेल्फ मारत बसलात तर मागची हवा पुन्हा पुढे येते.

फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन-तीन आटे सैल करा, पूर्ण काढू नका. हातपंप दाबत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की लगेच बंद न करता आणखी आठ-दहा दाब द्या, कारण कोपऱ्यात अडकलेला फुगा उशिरा निघतो. आणि सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: आधी हातपंप थांबवून मग स्क्रू आवळला, तर त्या क्षणभरात हवा परत आत ओढली जाते. एक हात हातपंपावर, दुसरा पान्यावर. दाब चालू असतानाच स्क्रू बंद झाला पाहिजे. एकट्याला जमत नसेल तर कुणाला तरी हाताशी घ्या.

हा स्क्रू बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या डोक्यात बसतो. लहान पाना वापरा, मनगटाच्या जोराने आवळा. आटे गेले की अख्खं डोकं बदलावं लागतं.

निघालेलं डिझेल डब्यात धरा. रबरी होजवर, वायरिंगवर आणि गरम सायलेन्सरवर सांडू देऊ नका.

हातपंपाला जोर लागत नाही म्हणून फीड पंप बदलणं

हातपंपाच्या दांडीला जोरच लागत नसेल, डिझेलही सरकत नसेल, तर फीड पंप खराब झाला असं लगेच ठरवू नका. दांडीवाल्या डायफ्राम पंपात इंजिनच्या फिरत्या कॅमचा उंचवटा कधी नेमका पंपाच्या लिव्हरखाली थांबलेला असतो, म्हणून दांडीला चालच उरत नाही. सेल्फला हलकासा झटका देऊन इंजिन थोडं फिरवा आणि पुन्हा दाबून बघा.

इनलाइन पंपावर (यात प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा प्लंजर एका रांगेत असतो) गोल मुठीचा हातपंप असतो. (हे पंप बनवणारी मायको कंपनी २००८ पासून बॉश झाली, पण गॅरेजात हा पंप आजही 'मायको'च.) काम झाल्यावर ही मूठ खाली दाबून आट्यांवर घट्ट फिरवायची असते. सैल राहिली तर चालू इंजिनात तिथूनच डिझेल पाझरतं किंवा हवा शिरते, आणि दोष नव्या फिल्टरवर ढकलला जातो.

पंप आणि नोझल

इनलाइन पंपाच्या अंगावरचा एअर स्क्रू सैल करून हातपंपाने अखंड धार येईपर्यंत दाबा. रोटरी पंपात (यात एकच फिरता भाग सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटतो) दोन ठिकाणं असतात. आधी पंपाच्या डोक्याजवळचा स्क्रू, मग वरच्या गव्हर्नरच्या (रेस स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) झाकणावरचा. वरचा विसरला की इंजिन चालू होतं, पण रेस एका जागी थांबत नाही.

नोझलकडे जाताना स्टॉपर आत, एक्सिलेटर पूर्ण. पाइपाचे नट पंपाकडचे नव्हे, नोझलकडचे सैल करा, एक-दीड फेरा पुरे. इथे १७ किंवा १९ चा पाना लागतो. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग किमान मिनिटभर विश्रांती. नाहीतर सेल्फ जळेल. नटाखालून बुडबुड्यांऐवजी डिझेलच्या ठसठशीत पिचकाऱ्या आल्या की सेल्फ थांबवून सगळे नट आवळा, मग इंजिन चालू करा.

या पिचकारीसमोर बोट कधीही धरू नका. दाबाखालचं डिझेल कातडीतून आत शिरतं. वर सुईएवढं भोक दिसतं, आत मात्र हात सडू शकतो. असं झालं तर दुखण्याची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा.

रोज हवा काढावी लागते, तेव्हा

हवा एकदा नीट काढली की महिनोन् महिने ते काम पुन्हा पडू नये. रोज पडत असेल तर कुठून तरी ती शिरतेय. फीड पंपाच्या पुढे, नोझलच्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर टिपकतं, डोळ्यांना दिसतं. टाकी ते फीड पंप या भागात मात्र उलट होतं: चालू इंजिनात चीर हवा आत ओढते आणि बाहेरून पाइप कोरडा दिसतो. टाकी भरलेली असताना ट्रॅक्टर ठीक चालतो आणि अर्ध्यावर आली की गचके देतो, ही या चिरेची खूण. वरून येणारा डिझेलचा दाब कमी झाला की ओढ वाढते. टाकीतली किंवा फीड पंपाच्या तोंडाची जाळी तुंबली असेल तर ती आणखी वाढते.

फीड पंपाआधी हातभर पारदर्शक प्लास्टिक पाइप जोडून इंजिन चालवा. त्यात बुडबुडे दिसले तर दोष टाकीच्या बाजूला. न दिसले तर पंपाकडचे जोड बघा. तपासणी झाली की तो पाइप काढून टाका, उन्हात आणि डिझेलमध्ये तो कडक होऊन तडकतो.

बहुतेक वेळा सापडतात ते जुने तांब्याचे वायसर. बँजो बोल्टला (पाइपाचा गोल जोड बसवणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन लागतात, एक जोडाच्या वर, एक खाली, आणि एकदा दाबलेला वायसर दुसऱ्यांदा तितका बसत नाही. नवा मिळेपर्यंत जुना लालसर होईपर्यंत तापवून थंड करा, काजळी पुसा आणि वापरा. तांबं मऊ होतं. टेफ्लॉन टेप किंवा सुतळी मात्र इथे नको. तिचे तुकडे पंपात आणि नोझलमध्ये जातात आणि दहा रुपयांच्या वायसरऐवजी पंपाचं बिल येतं.

एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरून इंजिन पेटवण्याचा उपाय गावोगावी सांगितला जातो. त्याने आग लागू शकते, पिस्टनला मार बसतो आणि हवा जिथल्या तिथेच राहते.

वरचं सगळं मेकॅनिकल पंपासाठी आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम ४ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि त्यांत कॉमन रेल इंजिनं (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) आली. तिथे दाब हजार बारच्या वर जातो. अशा ट्रॅक्टरवर फिल्टरची हवा हातपंपाने काढा, पण नोझलकडचा नट सैल करू नका, इंजिन बंद असलं तरी. मेकॅनिकच्या डायग्नोस्टिक मशीनशिवाय ते काम उरकत नाही.