अ‍ॅमस्टरडॅमचे व्हॅन गॉग संग्रहालय पाहायला जाण्यापूर्वी
अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाचे तिकीट दिवस आणि वेळ निवडून ऑनलाइनच काढावे लागते. त्यामुळे प्रवासाची तारीख पक्की होताच, शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्यावी. ‘तारांकित रात्र’ हे व्हॅन गॉगचे प्रसिद्ध चित्र येथे नाही, ते न्यूयॉर्कला आहे. मात्र १८८५ मध्ये रंगवलेल्या, टांगत्या दिव्याच्या उजेडात बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाच्या मातकट चित्रापासून १८९० मध्ये पुतण्याच्या जन्मानिमित्त काढलेल्या, निळ्या आभाळावरील बदामाच्या मोहरापर्यंत या चित्रकाराचे रंग अवघ्या पाच वर्षांत कसे उजळत गेले, हे पाहण्यासाठी ही दोन्ही चित्रे त्याच क्रमाने, घाई न करता पाहावीत. ‘सूर्यफुले’समोर थोडे तिरके उभे राहावे, म्हणजे फुलांच्या मध्यभागी थापलेल्या रंगाचे खडबडीत उंचवटे दिसतात, छापील प्रतीत ते कधीच दिसत नाहीत.