कादंबरीवरचे मत वहीत कसे उतरवावे : प्रेमकथा, फँटसी आणि किशोर कादंबरी

‘छान वाटली’ किंवा ‘कंटाळा आला’ एवढेच लिहून ठेवले, तर सहा महिन्यांनी त्या शब्दांवरून आपले आपल्यालाच काही आठवत नाही. म्हणून मताची सुरुवात वाचन चालू असतानाच करावी. पुस्तकात खुणेसाठी एक कोरा कागद ठेवावा आणि जिथे मन रमले किंवा खटकले, त्या पानाचा क्रमांक दोन शब्दांसह त्यावर टिपावा. पुस्तक ग्रंथालयाचे असेल, तर समासात पेन्सिलही लावू नये.

प्रेमकादंबरीचा शेवट बहुधा आधीच ठाऊक असतो, त्यामुळे ‘शेवट अपेक्षित होता’ ही तक्रार मी माझ्या वहीतून केव्हाच काढून टाकली आहे. पाहायचे ते हे, की दोघांमधला अडसर खरा आहे की पाने वाढवण्यासाठी घातलेला. दोघे पाच मिनिटे समोरासमोर बसून बोलले असते तर गुंता सुटला असता, असे वाटले, तर अडसर लटका समजावा. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीच्या ६१ प्रकरणांपैकी ३४व्या प्रकरणात डार्सी एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो. तिथे दोघे बोलतात, अगदी स्पष्ट बोलतात, आणि त्या बोलण्यातूनच बिनसते, कारण प्रेमाची कबुली देतानाही तो तिच्या माणसांचे उणेपण काढतो. पुढच्याच प्रकरणात त्याचे पत्र येते आणि ते पुन्हा पुन्हा वाचताना तिला स्वतःचीच चूक दिसू लागते. आपल्या कादंबरीतले असे वळण कोणत्या पानावर आहे आणि त्यासाठी कोणाला बदलावे लागले, हे लिहिले की निम्मे मत तयार होते.

फँटसीविषयी लिहिताना जादूचा नियम एका वाक्यात मांडून पाहावा आणि त्या नियमाची मर्यादा कुठे जाचते, ते शोधावे. टोल्कीनच्या ‘द हॉबिट’ (१९३७) मध्ये अंगठी घालणारा अदृश्य होतो, पण भर उन्हात त्याची पुसटशी सावली पडते. कथानायक बिल्बो ती घालून पळताना दाराच्या फटीत अडकतो, तेव्हा बाहेर पडलेली ती सावलीच एका गॉब्लिनला, म्हणजे गुहेतल्या दुष्ट राक्षसी प्राण्याला, दिसते. बिल्बो जोर लावतो, अंगरख्याची बटणे तुटून उडतात आणि तो निसटतो. नियम पाळला गेला म्हणून प्रसंग रंगला. उलट, नायक संकटात सापडताच लेखकाने नवी शक्ती बहाल केली असेल, तर ते पान जरूर टिपावे. अद्भुताला पळपुटेपणा म्हणण्याची घाई मात्र नको. ‘मंजुघोषा’ (१८६८) ही अद्भुतरम्य मराठी कादंबरी लिहिणाऱ्या नारो सदाशिव रिसबूड यांनी प्रस्तावनेतच म्हटले होते, की आपल्याकडच्या विवाहादी चालींमुळे नेहमीच्या आयुष्यावर रंजक कादंबरी लिहिणे कठीण जाते. त्यांच्या अद्भुताला असे समाजातलेच कारण होते.

किशोरवयीनांसाठीच्या कादंबरीवर लिहिताना वयाचे भान राखावे लागते. अशाच एका कादंबरीतल्या मुलाला मी टिपणात ‘अविचारी’ ठरवले होते. ते वाचून माझी भाची म्हणाली, ‘मावशी, तो चौदाच वर्षांचा आहे ना?’ तेव्हापासून मी निवेदकाचे वय टिपणात सर्वांत वर लिहिते. सूझन हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ १९६७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या, आणि तिचा निवेदक पोनीबॉय चौदा वर्षांचा आहे. कादंबरी पहिल्याच वाक्यावर परत येऊन संपते, कारण आपण वाचली ती हकिगत म्हणजे त्याने शाळेसाठी लिहिलेला निबंध असतो. त्यामुळे मोठेपणीचे शहाणपण तिच्यात डोकावत नाही. जिथे ते डोकावते, तिथे मुलाच्या तोंडून लेखक बोलू लागला आहे, असे लिहायला हरकत नाही.

गुण किंवा तारे देण्याच्या भानगडीत मी पडत नाही. टिपण आठ दिवस तसेच ठेवून मग वाचावे, आणि ज्या वाक्यापुढे पान क्रमांक देता येत नाही, ते खोडून टाकावे.