शिल्टिगाइममधील बिअरचा वारसा पायी कसा पाहावा

फ्रान्सच्या आल्सास प्रांतात स्ट्रासबर्गच्या उत्तरेला अगदी लागून वसलेले शिल्टिगाइम हे ‘बिअर बनवणाऱ्यांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. स्थानिक लोक त्याला लाडाने ‘शिलिक’ म्हणतात. स्ट्रासबर्गहून येथे येण्यासाठी ट्राम आणि बस दोन्ही आहेत. तरीही जमल्यास बिशविलेर मार्गाने चालतच यावे, कारण गावाचा इतिहास याच रस्त्याच्या कडेने उभा आहे.

निघण्यापूर्वी एक प्रश्न मनात पक्का करून घ्यावा: बिअर येथेच का आली? तळाशी आंबणारी बिअर (लागर; हिचे यीस्ट तळाशी बसते) थंडाव्यात आंबवावी लागते आणि नंतर कित्येक आठवडे तशीच थंड ठेवावी लागते. यंत्राने थंडावा निर्माण करण्याची सोय होण्यापूर्वी त्यासाठी खोल तळघरे आणि बर्फाचे साठे एवढाच उपाय होता. स्ट्रासबर्ग तटबंदीत कोंडलेले होते आणि तेथे जमिनीखाली लगेच पाणी लागत असे. शिल्टिगाइमची जमीन मात्र उंचावर असल्याने खोल खणता येई. म्हणून १८२१ मध्ये स्ट्रासबर्गमध्ये सुरू झालेला फिशरचा कारखाना १८५४ मध्ये येथे आला, पाठोपाठ १७४६ पासूनची एस्पेरांस आली आणि १७४० पासूनची शुत्झेनबर्गरही आली.

पहिला मुक्काम फिशरच्या आवाराचा ठेवावा. उत्पादन २००९ मध्ये थांबले आणि तेथे आता नवी वस्ती उभी राहिली आहे, परंतु माल्टघर जपले आहे. त्याच्यासमोर घाईने फोटो काढून पुढे जाऊ नये. सातू भिजवून, मोड आणून, मग भट्टीत वाळवण्याचे काम अशाच इमारतीत चालते. मोड किती वाढू द्यायचे आणि भट्टीत किती तापवायचे यावर बिअरची चव आणि रंग बराचसा ठरतो, हे लक्षात ठेवून भिंतींकडे पाहिले की त्या बोलू लागतात.

त्याच मार्गावर पुढे आडेल्सहोफेनची जागा लागते (कारखाना २००० मध्ये बंद झाला), तर शुत्झेनबर्गरसाठी थोडे आत वळून ‘रू द ला पात्री’ या रस्त्यावर जावे लागते. तो कारखाना २००६ मध्ये थांबला. एस्पेरांसचा कारखाना पुढे हायनेकेन या डच बिअर कंपनीकडे गेला आणि तोही बंद करण्याचा निर्णय २०२२ मध्ये जाहीर झाला. इतक्या पिढ्यांनी घडवलेले कौशल्य एकामागून एक दारे लावून घेते, हे पाहून मला मनापासून वाईट वाटते, आणि म्हणूनच ही फेरी लवकर करावी, असा माझा आग्रह आहे.

बिअर चाखायची असल्यास गाडी आणू नये. फ्रान्समध्ये रक्तातील मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम इतकीच आहे. चाखण्यापूर्वी ‘रू प्रँसिपाल’वरची लाकडी चौकटींची जुनी घरे मात्र दिवसाउजेडीच पाहून घ्यावीत.