नाताळचे झाड: कुंडीतले घ्यावे की कृत्रिम?

नाताळसाठी झाड घ्यायचे ठरले की घरात बहुधा किंमत आणि उंची यांचीच चर्चा होते. मराठवाड्यात मात्र पहिला प्रश्न वेगळा असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे: येत्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना आणि नळाला कित्येक दिवसांनी पाणी येत असताना, या झाडाची काळजी कोण घेणार आहे? ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात हा प्रश्न टाळून झाड निवडता येत नाही.

युरोप-अमेरिकेत खरे झाड म्हणजे शेतात बरीच वर्षे वाढवून सणासाठी तोडलेले फर किंवा स्प्रूस असते. ही थंड प्रदेशातली झाडे आपल्या हवेत वाढत नाहीत. आपल्याकडच्या रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून दिले जाणारे रोप सहसा अरोकेरियाचे असते आणि त्याचे मूळ घर प्रशांत महासागरातील दमट, सौम्य हवेची बेटे हे आहे. म्हणजेच येथे खरे झाड घेणे याचा अर्थ एक सजीव रोप वर्षानुवर्षे सांभाळण्याची जबाबदारी घेणे असा होतो.

ती घेण्याची तयारी असेल, तर रोप निवडताना शेंडा शाबूत आहे ना आणि खालच्या फांद्या हिरव्या आहेत ना, हे नीट पाहावे, कारण शेंडा मोडला की झाडाचा डौल बिघडतो आणि वाळून गळलेल्या खालच्या फांद्यांच्या जागी नव्या फुटत नाहीत. नुसत्या काळ्या मातीत लावलेले रोप मी घेणार नाही; ती माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. पोयटा किंवा लाल माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण करावे आणि कुंडीच्या तळाला भोक असावे. घरात हे झाड खिडकीजवळच्या उजेडात आणि सणापुरतेच ठेवावे. फांद्या नाजूक असल्याने त्यांवर कागदी चांदण्या आणि हलके गोळे एवढेच टांगावेत; बर्फाचा आभास देणारा फवारा तर मुळीच मारू नये. मार्चपासून कुंडी कोवळ्या सकाळच्या उन्हात आणि दुपारच्या सावलीत हलवावी, वरची माती कोरडी झाली की पाणी द्यावे आणि गरम वाऱ्यापासून रोपाला आडोसा करावा. अंगणात कायमचे लावायचे असल्यास पावसाळ्याच्या सुरुवातीला, घराच्या भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर लावावे, कारण जमिनीत हे झाड खूप उंच जाते. एवढे जमणार नसेल, पण जिवंत झाडच हवे असेल, तर मोरपंखीचा विचार जरूर करावा. तिचा आकार निमुळता असतो आणि अरोकेरियापेक्षा ती आपली कोरडी हवा बरी सोसते.

पाण्याची टंचाई असलेल्या किंवा उन्हाळ्यात घर बंद ठेवून गावी जाणाऱ्या कुटुंबांनी कृत्रिम झाड घेण्यात काहीही कमीपणा मानू नये. मात्र ते एकदाच आणि पारखून घ्यावे. ही झाडे बहुतांशी पीव्हीसी प्लास्टिक आणि लोखंडी तारेची असतात व मोडीत निघाल्यावर त्यांचे रिसायकलिंग जवळजवळ होत नाही. त्यामुळे दोन-तीन नाताळांनंतर फेकले जाणारे स्वस्त झाड खिशालाही महाग पडते आणि गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगातही भर घालते. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्टच्या अंदाजानुसार दोन मीटरच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइड इतके उत्सर्जन होते. तोडलेल्या खऱ्या झाडाच्या तुलनेत ते परवडायचे, तर किमान दहा वर्षे वापरायला हवे. दुकानातच झाड उभे करून पाहावे, बैठक धातूची असावी, फांद्या खोडाला बिजागरीने जोडलेल्या असाव्यात आणि पाती हलकेच ओढल्यावर हातात येऊ नयेत. छताच्या उंचीपेक्षा ते फूटभर कमी असले म्हणजे वर तारा बसवता येतो. एलईडी माळाच वापराव्यात आणि झोपताना त्या बंद कराव्यात.

काही घरांत सुरूची फांदी आणून सजवण्याची पद्धत आहे. ती फांदी स्वतःच्या झाडाची असावी. शहरांत झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. आणल्यावर बुंध्याचा बोटभर तुकडा कापून ती पाण्याच्या बादलीत उभी करावी आणि मेणबत्त्यांपासून दूर ठेवावी, कारण वाळलेली सुरू चटकन पेट घेते.

अनेक घरांत ६ जानेवारीपर्यंत झाड ठेवतात. नंतर कृत्रिम झाड पुसून, जाड कापडी पिशवीत बांधून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावे. पत्र्याच्या खोलीतल्या उन्हाळी उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ होते. सुरूची फांदी तुकडे करून खताच्या खड्ड्यात टाकावी आणि कुंडीतले झाड एकदम कडक उन्हात न ठेवता आठवडाभर व्हरांड्यात ठेवून मगच अंगणात न्यावे.